पुंडलिकभाऊंची मधली रेघ

पुंडलिकभाऊ ढोरे कोणाच्याही घरी गेले की आधी घर मोजतात आणि मग बसतात. दारात चपला काढायच्या, समोरच्या भिंतीपर्यंत सरळ चालत जायचं, तिथून आडवं खिडकीपर्यंत यायचं, मनातल्या मनात गुणाकार करायचा आणि मग खुर्ची ओढून म्हणायचं, "बिल्डरनं पाच इंचानं फसवलं तुमाले, सर. बरं, चहा ठेवा." माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी अख्खं मंगल कार्यालय मोजलं. पाहुण्यांना वाटलं, हे गृहस्थ प्रदक्षिणा घालतायत. मुलाच्या आत्यानं तर त्यांना वाकून नमस्कार केला. पुंडलिकभाऊंनी आशीर्वाद दिला आणि मोजणी जिथे सोडली होती तिथून पुढे चालू केली.

मोजायला त्यांना पट्टी लागत नाही. पाऊल हीच पट्टी. "माहं पाऊल म्हंजे अडीच फूट. सूतभर इकडं नाई, सूतभर तिकडं नाई. नापून घ्या," असं ते सांगतात, आणि समोरचा नापायला उठला नाही तर त्यांना वाईट वाटतं. नोकरीची तीसेक वर्षं त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली. बाळापूर, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी, जिथे बदली झाली तिथली काळी माती त्यांनी पायाखालून घातली. आमच्या वऱ्हाडात दोन शेतांच्या मधे जो बांध असतो त्याला धुरा म्हणतात, आणि ह्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पुंडलिकभाऊ तिथे जायचे, साखळी टाकायचे, खुंट्या ठोकायचे आणि दोन्ही भावांच्या शिव्या खाऊन परत यायचे. शिव्या एकाच बाजूकडून आल्या तर मात्र त्यांना रात्रभर झोप लागायची नाही. मोजणीत काहीतरी चुकलं असणार, असं वाटायचं.

त्या नोकरीतलं एक वाक्य त्यांच्या जिभेवर बसलं ते निवृत्तीनंतरही उठलं नाही. "आधी हद्द कायम करू." दोघांत भज्यांची एक बशी आली की पुंडलिकभाऊ बोटानं चटणीत रेघ ओढणार आणि म्हणणार, "आधी हद्द कायम करू." ऑटोत तिघं बसले की तेच. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्या होत्या तोवर कपाळाला हात लावून म्हणायच्या, "याइच्या आईनं याइले फीत घेऊनच जन्म देल्ला. आमच्या लग्नात अंतरपाट धरला, तं हे मानूस पाहून राह्यलं का थो बरोबर मधात हाय का नाई!"

असा हा माणूस आमच्या अकोल्याच्या एका फुटबॉल क्लबाचा अध्यक्ष होता. आणि मी ज्या भानगडीत सापडलो ती इथून सुरू होते.

आमच्या वस्तीच्या मागे, मोर्णा नदीच्या अंगाला, एक मैदान आहे. त्या मैदानावर 'सूर्योदय फुटबॉल क्लब' खेळायचा. पुंडलिकभाऊ ढोरे आणि उत्तमराव तायडे हे त्या क्लबाचे दोन बिनीचे गडी, आणि एकाच बाकावर बसून शिकलेले दोस्त. हा त्याला पुंडल्या म्हणायचा, तो ह्याला उत्तम्या म्हणायचा. पुंडलिकभाऊ मोजणीत लागले, उत्तमराव पोस्टात. संध्याकाळी दोघांचे पाय मैदानाकडे वळले नाहीत असा दिवस नसायचा.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याच्या स्पर्धेत सूर्योदयला पेनल्टी मिळाली. शेवटची दोन मिनिटं, गोल बरोबरीत. पुंडलिकभाऊंना वाटलं, पेनल्टी आपण मारायची. उत्तमरावांना वाटलं, आपण. कोणी कोणाला विचारलं नाही. रेफ्रीनं शिट्टी वाजवली आणि दोघेही एकाच वेळी, दोन दिशांनी, धावत आले आणि दोघांनीही एकाच चेंडूला लाथ मारली. चेंडू सरळ वर गेला आणि बाजूच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंजीवर जाऊन बसला. तो उतरवायला शिडी आणावी लागली. परत येताना टेम्पोत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. अकोला येईपर्यंत क्लबाचे दोन क्लब झाले होते. उत्तमरावांनी नव्या क्लबाला नाव दिलं 'नव सूर्योदय'.

मैदान मात्र एकच. तेव्हा पुंडलिकभाऊ म्हणाले, "आधी हद्द कायम करू." उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्योदयचा, दक्षिणेकडचा नव सूर्योदयचा. ज्यानं त्यानं दर रविवारी सकाळी आपापल्या अर्ध्या भागात फक्की मारायची. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची ती पांढरी भुकटी. पुंडलिकभाऊ उत्तरेच्या गोलपासून पावलं टाकत यायचे आणि जिथे निम्मं होईल तिथे मधली रेघ मारायचे. उत्तमराव दक्षिणेच्या गोलपासून सुतळी लावत यायचे आणि जिथे निम्मं होईल तिथे मधली रेघ मारायचे. पण दोन निम्मी मिळून पूर्ण काही होईना. दोन रेघांच्या मधे दीड हाताची पट्टी उरायची. ती कोणाचीच नव्हती. खेळणारे तिला धुरा म्हणू लागले.

अशी दोन मधल्या रेघांची मैदानं आणखी कुठे असतील तर मला माहीत नाही. सामना सुरू करताना चेंडू धुऱ्यावर ठेवायचा असा रिवाज पडला. एकदा अमरावतीहून रेफ्री आले होते. त्यांनी विचारलं, "यातली खरी कोणती?" दोन्ही अध्यक्ष एका सुरात म्हणाले, "आमची." रेफ्रींनी टोपी काढून घाम पुसला आणि चेंडू धुऱ्यावर ठेवला.

भांडणानंतर दोघांचं तू-तुकार संपलं. ते एकमेकांना तुम्ही म्हणू लागले, आणि तेही साहेब लावून. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला उत्तमरावांची लुना पुंडलिकभाऊंच्या फाटकाशी येऊन थांबायची. उत्तमराव खाली न उतरता म्हणायचे, "ढोरे साहेब, तुमची रेघ सरकली."

"तायडे साहेब, माही रेघ सरकत नसते. तुमची सुतळी ढिली हाय."

"थे मले मालूम नाई. फीत आना."

मग पुंडलिकभाऊ पन्नास मीटरची फीत घेऊन निघायचे. मैदानावर एक टोक हे धरायचे, दुसरं ते. हा ओरडायचा "ताना!", तो ओरडायचा "तुमीच ताना!" तासभर मोजणी चालायची, भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा लुना यायची. माझं घर पुंडलिकभाऊंच्या समोरच आहे. त्या लुनाच्या आवाजावर आमच्या घरी संध्याकाळचा चहा ठेवला जायचा.

आता क्लबांचं. दोन्ही क्लब हळूहळू आटत गेले. कोणी पुण्याला नोकरीला गेलं, कोणाचे गुडघे गेले, कोणाचं खेळणं बायकोनं बंद केलं. शेवटी सूर्योदयकडे सहा जण उरले, नव सूर्योदयकडे सहा, आणि एक गजू. गजू एसटीत कंडक्टर आहे. तो मूळचा कोणत्या क्लबाचा हे आता त्यालाही सांगता येत नव्हतं. ज्यांना कमी पडेल त्यांनी गजूला न्यायचं, असं चाललं होतं.

ह्या सव्वीस जानेवारीला दोन्ही क्लबांचा दरवर्षीचा सामना झाला. पहिल्या अर्ध्यात गजू सूर्योदयकडून खेळला आणि त्यानं एक गोल केला. मध्यंतरात त्यानं बनियन बदलली, दुसऱ्या अर्ध्यात नव सूर्योदयकडून खेळला आणि एक गोल फेडला. सामना बरोबरीत सुटला. दोन्ही अध्यक्षांनी त्याला वेगवेगळे हार घातले. गळ्यात दोन हार घालून गजू मैदानाच्या मधोमध, धुऱ्यावर, बसला आणि म्हणाला, "काका, मी सकाळपासून माह्यासंगच बरोबरी करून राह्यलो. अशानं कसं व्हईन? तिकडं सहा, इकडं सहा, आन मी. तेरा होतेत. अकरा खेळतीन, दोन राखीव. क्लब एक करा, नाई तं मी उद्यापासून कॅरम खेळतो."

बाकीचे बारा जण त्याच्याच बाजूचे निघाले. पुढच्या महिन्यात अमरावतीला स्पर्धा होती आणि अर्ज भरायला अकरा नावं लागत होती. अकरा नावं असलेला क्लब आमच्या मैदानावर एकही नव्हता. उत्तमरावांनी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "करा बावा एक. 'नव' काढून टाका. पंचवीस वर्सं झाले, आता कायचा नव?"

पुंडलिकभाऊ म्हणाले, आधी ठराव दाखवा. विलीनीकरणाचा ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. निःपक्ष माणूस म्हणून माझ्याइतका लायक कोणी नव्हता.

ठराव घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि म्हणाले, "चतुःसीमा कुठं हाय?"

"कोणाच्या?"

"क्लबाच्या. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, ल्याहा लागते ना. नाई तं उद्या कोनी म्हनीन, कोनता सूर्योदय?"

मी लिहून आणलं. पूर्वेस दवाखाना, पश्चिमेस नदी, दक्षिणेस कृषी केंद्राचं गोदाम, उत्तरेस निंबाचं झाड. दुसऱ्या दिवशी म्हणाले, लगतदारांना, म्हणजे शेजारच्या जागावाल्यांना, नोटीस द्यायला पाहिजे. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना नोटीस दिली. त्यांनी ती रुग्णाची चिठ्ठी समजून मला जीभ दाखवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी पुंडलिकभाऊ म्हणाले, आता हरकती मागवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. मी म्हणालो, अर्ज सोमवारी भरायचा आहे. ते म्हणाले, "कायदा कायदा असते, सर."

मी तसा शांत माणूस आहे. पण निंबाच्या झाडाला नोटीस कशी बजावायची, हे त्यांनी मला शनिवारी दुपारी समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ठरावाचा कागद टेबलावर आपटला. "भाऊ, साफ सांगा. सही करायची नाही ना? नका करू. पण काहून अडवून राहिले ते तरी सांगा. तेरा माणसं तुमच्या तोंडाकडे पाहून राहिली आहेत."

पुंडलिकभाऊ उठले. त्यांनी स्वतःचीच खोली मोजली, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मग खुर्चीत बसले.

"तुमची वहिनी गेली तवाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "पोरगं पुन्याहून आलं, सून आली, सोयरे आले. तेरवी झाली. पंधरा दिवस घरात बसाले जागा नवती. सोळाव्या दिवशी कोनीच नाई आलं. कोनाची चूक नाई, सर. ज्याले त्याले कामं असतेत. पोरगं म्हने, पुन्याले चला. म्या म्हनलं, पाहू. सकाळपासून मी ह्याच खुर्चीत बसून होतो. चहाबी नवता केला. साडेपाचले लुनाचा आवाज आला. तायडे. गाडीवरून उतरले नाई. म्हने, ढोरे साहेब, तुमची रेघ सरकली."

ते थोडं हसले.

"म्या म्हनलं, तायडे साहेब, महिनाभर म्या रेघच मारली नाई. बायको बिमार होती, म्या मैदानावर पायच ठेवला नाई. मंग रेघ सरकन कुठून? तं म्हने, थे मले मालूम नाई. फीत आना. गेलो. तासभर भांडलो आमी. घरी आलो आन पंधरा-सोळा दिवसांत पह्यल्यांदा भूक लागली."

त्यांनी टेबलावरचा ठराव बोटानं सरळ केला.

"त्याच्या घरी अकरा मानसं हायेत, सर. पोरं, सुना, नाती. त्याले कायची कमी हाय? थो मोजाले येते, म्हून येते. आमी काई गप्पा मारनारे मानसं नाई. तुमच्यासारखं, काय कसं काय, बरं हाय का, असं आमाले जमत नाई. मोजनी हाय म्हून येनं हाय. एकदाची हद्द कायम झाली, का मोजनी बंद. मोजनी बंद झाली, तं थो कायले येईन?"

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मला माझ्या नोटिशींची, चतुःसीमांची आणि आवाज चढवल्याची फार लाज वाटली. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवायला लागलो.

"नाई केला क्लब एक, तं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण मास्तरकीची सवय आडवी आली. मी म्हणालो, "गजू जाईल. मग बाकीचे. दोन्ही क्लब बंद पडतील, भाऊ."

"म्हंजे मैदान पडीक."

"हो."

पुंडलिकभाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं मोजली. पडीक हा शब्द त्यांना सहन होत नाही. त्यांनी हात पुढे केला. "आना इकडं," म्हणाले, आणि चार ठिकाणी सह्या केल्या. एकच लागत होती.

रविवारी सकाळी सगळ्या तेरा जणांच्या देखत मैदानाची शेवटची मोजणी झाली. गोलपासून गोलपर्यंत. फितीचं एक टोक पुंडलिकभाऊंच्या हातात, दुसरं उत्तमरावांच्या. मैदानाचा खरा मध्य निघाला तो दोन्ही रेघांच्या बरोबर मधे, धुऱ्यावर. म्हणजे इतकी वर्षं दोघंही चुकत होते, आणि दोघंही सारखेच चुकत होते. उत्तमरावांची सुतळी ढिली होतीच. पण पुंडलिकभाऊंनी सर्वांसमोर फीत जमिनीवर पसरली, तिच्यावर आपली दहा पावलं टाकली आणि वाकून आकडा पाहिला. मग म्हणाले, "अडीच फूट नाई राह्यलं, सर. दहा पावलांत दोन इंच कमी झालं. कई झालं, मले समजलंच नाई."

"म्हातारा झाला लेका तू पुंडल्या," उत्तमराव म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पुंडल्या निघालं होतं. दोघेही दचकले. मग पुंडलिकभाऊ म्हणाले, "तू कोनता जवान हायेस बे, उत्तम्या!" आणि गजूनं भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यानं एकच मधली रेघ मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

स्पर्धेपर्यंत रोज संध्याकाळी सराव चालला आणि दोघं म्हातारे मैदानावरच भेटत राहिले. अमरावतीच्या स्पर्धेला आम्ही टेम्पो करून गेलो. पुढच्या सीटवर दोन माजी अध्यक्षांना शेजारी शेजारी बसवलं. पुंडलिकभाऊंनी सीटवर बोटानं रेघ ओढली आणि म्हणाले, "आधी हद्द कायम करू." उत्तमराव त्या रेघेवरच बसले. मूर्तिजापूरला चहा झाला. बडनेऱ्यापर्यंत दोघांनी तेल्हाऱ्याची पेनल्टी तोंडी चारदा खेळून पाहिली आणि चारही वेळा चेंडू गंजीवरच गेला. मागे बसलेले तेरा जण पोट धरून हसत होते.

आणि पहिल्याच सामन्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. शिट्टी वाजली तशी सगळ्यांनी आधी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ह्या दोघांकडे पाहिलं. पुंडलिकभाऊ ओरडले, "उत्तम्याच्या पोराइले मारू द्या!" उत्तमराव ओरडले, "नाई बे, पुंडल्याच्या पोराइले मारू द्या!" हा म्हणे तुझ्याकडचा, तो म्हणे तुझ्याकडचा. बिचारे बारा जण एकदा ह्याच्याकडे पाहत, एकदा त्याच्याकडे. रेफ्रीनं घड्याळ दाखवलं. तेव्हा गजू पुढे आला. "मी दोघाइचाबी हाय," म्हणाला, आणि चेंडू कोपऱ्यात मारला. गोल! दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना अशी मिठी मारली की उत्तमरावांचा चष्मा पुंडलिकभाऊंच्या सदऱ्यात गेला. तो सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्यात आम्हाला तीन गोल बसले, पण परतीच्या टेम्पोत त्याचा विषय कोणी काढला नाही. उत्तमरावांचं मोठ्यानं गाणं चाललं होतं आणि पुंडलिकभाऊ सीटवर ठेका धरत होते.

परत आल्यावरच्या सोमवारी साडेपाच वाजले. पुंडलिकभाऊ फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. लुना आली नाही. सराव संपला होता आणि यायचं कारणच उरलं नव्हतं. रेघ एक होती, ती बरोबर होती आणि ती दोघांची होती. मंगळवारी ते पुन्हा फाटकाशी बसले. मांडीवर फीत होती. मी त्यांना चहाला बोलावलं. ते आले, बसले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी आमचा दिवाणखाना मोजला नाही. बुधवारी त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुन्याले फ्लॅट किती मोठे असतेत, सर?" मी म्हणालो, लहान असतात. फार लहान असतात.

गुरुवारी मी शाळेतून परत येताना मैदानाकडून आलो. चार-साडेचारची वेळ, उन्हात चिटपाखरू नव्हतं. मैदानाच्या मधोमध उत्तमराव तायडे वाकून उभे होते. हातात डालड्याचा डबा. ते एकटेच, धापा टाकत, मधल्या रेघेच्या शेजारी दीड हातावर दुसरी रेघ मारत होते. सुतळी नव्हती, खुंटी नव्हती. रेघ निंबाच्या झाडाकडे झुकत झुकत चालली होती.

त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "तुमी इकडून गेलेच नाई."

"नाही गेलो," मी म्हणालो, आणि भरभर घरी आलो. बायकोला म्हणालो, चहा ठेव. ती म्हणाली, अजून वेळ आहे. मी म्हणालो, तू ठेव.

साडेपाचला लुनाचा आवाज आला. मी माझ्या फाटकात येऊन उभा राहिलो. उत्तमराव गाडीवरून उतरले नाहीत. पुंडल्या म्हणाले नाहीत. घसा साफ करून म्हणाले, "ढोरे साहेब, तुमची रेघ सरकली."

पुंडलिकभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "माही रेघ? तायडे साहेब, आता रेघ एकच हाय, आन थे दोघाइची हाय. सरकन कशी?"

"थे मले मालूम नाई. फीत आना."

फीत हातातच होती. आज पुंडलिकभाऊ लुनाच्या मागे बसले. मी चालत निघालो. मला काहीही काम नव्हतं, तरी निघालो.

मैदानावर खेळणारे जमले होते आणि दुसऱ्या रेघेकडे बोट दाखवून एकमेकांना विचारत होते. पुंडलिकभाऊ तिच्याजवळ गेले, वाकले आणि नीट पाहिलं. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या सरकवलेल्या खुंट्या ओळखल्या, त्याला ती कोणी मारली हे कळायला कितीसा वेळ लागणार? मग त्यांची नजर उत्तमरावांच्या पायजम्यावर गेली. तो गुडघ्यापर्यंत पांढरा झाला होता. उत्तमराव नदीकडे बघत होते.

पुंडलिकभाऊंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. माझा चष्मा साफ होता, तरी मीही पुसला. मग त्यांनी फितीचं एक टोक सोडवून उत्तमरावांच्या हातात दिलं.

"आधी हद्द कायम करू," ते म्हणाले.

ते उत्तरेकडे चालू लागले, उत्तमराव दक्षिणेकडे. मधे फीत ताणली गेली. गजू चेंडू काखेत घेऊन उभा होता. त्यानं ओरडून विचारलं, "काका, आमी खेळू का?"

दोघंही एकदम ओरडले, "थांबा बे! मोजनी चालू हाय!"